व्याह्यांची पावसाळी पँट

यंदा अधिक श्रावण आलाय. घरात तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचा आंबूस वास आहे, ताटात गूळ किसून ठेवलाय, आणि आमची ही, म्हणजे माझी बायको कुमुद, खिडकीच्या उजेडात खसखस निवडत बसली आहे. अनारशाच्या वासानं माणसाला भूक लागावी. मला पोटशूळ उठतो. पोटदुखीचा नव्हे, दुसरा. ज्याला कुमुद म्हणते, "काहीतरी जळतंय वाटतं, बघा बरं."

आमच्या झाशीत हा महिना शेजारीपाजारी तोंड वाकडं करून घेतात. मलमास म्हणतात. लग्न नाही, मुंडन नाही, नवी गाडीसुद्धा दारात आणायची नाही. आमच्या मराठी घरांत मात्र हा जावयाचा महिना. कधीकाळी कारभारासाठी दक्षिणेतून इकडे आलेली आमची घरं. पोरं एकमेकांशी हिंदीत भांडतात, आमचं आडनाव पोस्टमनला अजून नीट उच्चारता येत नाही, पण अधिकाचं वाण चुकत नाही. तेहतीस अनारसे, वर चांदीचं निरांजन, आणि जावयाला पाटावर बसवून ते सगळं हातात ठेवायचं. द्यायचं लेकीच्या बापानं. घ्यायचं त्यांनी. ठीक आहे, रीत आहे, माझी तक्रार नाही. माझी तक्रार पँटीबद्दल आहे.

मंजू आमची एकुलती एक. तिचं सासर गावातच, छावणीच्या अलीकडे. लोक म्हणाले, नशीबवान आहात, लेक डोळ्यांसमोर राहील. डोळ्यांसमोर राहणं म्हणजे काय असतं ते मला नंतर कळलं. लेक लांब गेली तर माणूस आठवणीत रडून मोकळा होतो. ती इलाइट चौकातल्या बँकेत नोकरीला, रोज आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार, आणि संध्याकाळी वळणार ती उलट दिशेला. हे बघत राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

आणि तिचे सासरे, मेजरसाहेब. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं! हुंडा मागितला असता, सुनेला टाकून बोलला असता, तर मी छाती पुढे काढून भांडायला गेलो असतो. पण कसलं काय. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, हसला की घरातल्या काचा हलाव्यात असा हसणारा. त्यांचे पूर्वज शिपाईगडी म्हणून इकडे आले आणि हे थेट फौजेत गेले. सुनेला स्वतः चहा करून देणारा सासरा आमच्या ओळखीत दुसरा नाही. मला 'अन्नाजी' म्हणतात. मंजू मला अण्णा म्हणते ना, त्याला यांनी आपल्या पद्धतीनं 'जी' जोडला. अशा माणसाचा राग राग करायचा म्हणजे आपल्यालाच कष्ट पडतात. मी घेतले ते कष्ट.

लग्नानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. मंजू माहेरी आली होती, आमटी वाढून घेत सहज म्हणाली, "आमच्याकडे गूळ थोडा कमी घालतात." मी म्हटलं, "आपल्याकडे तर पहिल्यापासून एवढाच असतो." ती हसली. "आपल्याकडे नाही हो अण्णा, आमच्याकडे." मी पानात बघत जेवलो. एवढीशी गोष्ट.

त्या वर्षी अधिक आषाढ होता. मंजूच्या लग्नानंतरचा पहिला अधिक, म्हणजे वाण जोरात व्हायला हवं. कुमुद अनारशांच्या मागे लागलेली. आणि एका रविवारी मंजू रिक्षातून तीन पार्सलं घेऊन उतरली. दिवाणावर तिनं तिन्ही फोडली. तीन पँटी. काळी, करडी आणि गडद निळी.

"अण्णा, यातली एक निवडून द्या. बाकीच्या दोन परत पाठवायच्या आहेत. वॉटरप्रूफ आहेत."

मला क्षणभर वाटलं, माझ्यासाठी! आयुष्यभर मी पावसात भिजलो. सायकलवरून कारखान्यात जाताना गुडघ्यावर खताची पिशवी बांधायचो, तरी पोचेपर्यंत मांड्या ओल्या. पोरीनं ते पाहिलंय. पहिल्या नोकरीत बापाची आठवण ठेवली म्हणायची. मी करडी उचलून कमरेला लावूनसुद्धा पाहिली.

"तुम्हाला लांब होईल," मंजू म्हणाली. "बाबांसाठी आहेत. गोल्फच्या."

बाबा म्हणजे मेजरसाहेब. नवऱ्याचे बाबा ते तिचे बाबा. रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी छावणीच्या मैदानावर गोल्फ खेळायचे. हा खेळ मी कुंपणाबाहेरून पाहिलाय. एवढासा चेंडू काठीनं लांब मारायचा आणि मग आपणच तो शोधत हिंडायचं. विटीदांडूत निदान धावपळ तरी असते. आणि हे पावसातही! बाकी जग भजी तळत असतं तेव्हा हे लोक चिखलात चेंडू शोधत असतात. मेजरसाहेब भिजून घरी यायचे, शिंकायचे, म्हणून सुनेचा जीव कळवळला. बरोबर आहे. खताच्या पिशवीत मांड्या ओल्या होतात त्यांच्यासाठी कुणाचा जीव कळवळावा?

"मला काय कळतं यातलं," मी म्हणालो.

"अण्णा, तुम्हाला नाही कळत तर कुणाला कळणार?" ती म्हणाली, आणि मी चष्मा चढवला. कारण खरंच होतं ते.

बिजौलीला तिरपालांचा एक छोटा कारखाना होता, तिथं माझी उमर गेली. तिरपाल म्हणजे आपली ताडपत्री. पावसाळ्याआधी आम्ही रेनकोटही करायचो. माझं काम शेवटच्या टेबलाचं. माल बाहेर जाण्याआधी पाणी कुठून शिरतंय ते बघायचं. रबराचा वास कपड्यांना असा लागायचा की कुमुद माझे कपडे वेगळे धुवायची. जलरोधक कापडात पाणी कापडातून कधी शिरत नाही, शिरतं ते शिवणीतून. जिथं सुई गेली तिथं भोक पडलं. म्हणून शिवून झालं की आतल्या बाजूनं प्रत्येक शिवणीवर एक पट्टी गरम करून चिकटवतात. ती चिकटली की संपलं. त्यानंतर सुईला हात लावायचा नाही. कारखान्यात नवा माणूस आला की पहिलं वाक्य हेच ऐकायचा: पट्टीनंतर सुई नाही.

मंजूला हे वाक्य पाढ्यांच्या आधी येत होतं. ती दुसरीत असताना उरलेल्या कापडातून मी तिला एक रेनकोट शिवला होता. निळा. घरच्या मशीनवर शिवला आणि पट्ट्या इस्त्रीनं चिकटवल्या. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. मग अंगात घालून मागच्या पन्हळीखाली जाऊन उभी राहिली. धो धो पाणी डोक्यावर पडतंय आणि ही आतून ओरडतेय, "अण्णा, एक थेंब नाही! एक थेंब नाही!" तो आवाज अजून मला पाऊस जोरात आला की ऐकू येतो. मग तिला वाटलं, खिशावर आपलं नाव हवं, लाल दोऱ्यानं भरलेलं. शाळेत एका मुलीचं होतं. मी म्हटलं, नाही. सुई लागली की भोक, आणि भोक म्हणजे पाणी. तिनं हातपाय आपटले, रडली. मी खडूनं नाव लिहून दिलं. ते पहिल्याच पावसात वाहून गेलं, पण पोरगी शाळेत कोरडी पोचली. पट्टीनंतर सुई नाही म्हणजे नाही, मग मुलगी आपली असो की दुसऱ्याची.

तर त्या रविवारी मी तीन पँटी तपासायला बसलो. आधी काळी. कानाशी धरून चोळली तर सळसळ सळसळ. मी म्हटलं, "ही घालून चाललं तर शेजारच्या गल्लीत कळेल."

"मग नको," मंजू म्हणाली. "कुणी फटका मारत असताना तिथं खोकलेलंही चालत नाही. बाबा सांगत होते."

कुमुद आतून म्हणाली, "म्हणजे मौनाचं जेवण म्हणा की!"

निळी मऊ होती, आवाज नव्हता, आणि मंजूला रंग भारी आवडलेला. उलटी केली. आत शिवणी उघड्या, पट्टीचा पत्ता नाही. वरून पाणी शिंपडलं तर मोत्यासारखं घरंगळलं. पण ती पाणी झटकणारी होती, अडवणारी नव्हती. झटकणारी पँट भुरभुरीत चालते. झाशीचा पाऊस एकदा बसला की तासभर उठत नाही, त्याच्यापुढं ही म्हणजे चाळणी. आणि तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की छान आहे म्हणावं. रंग तर तिला आवडलाच आहे. भिजू देत मेजर. माझ्या तोंडून नुसता एक 'हं' गेला असता तरी काम झालं असतं. पण हात मेला ऐकेना. त्यानं आपला शिवणीवर अंगठा फिरवला आणि तोंड बोलून गेलं, "ही नको. पाणी शिरेल." उभ्या आयुष्यात गळका माल टेबलावरून पुढं सोडला नव्हता, तो व्याह्यांसाठी कसा सोडणार?

करडी चांगली होती. साली खरंच चांगली होती. एकही शिवण पट्टीवाचून नाही. कापड मऊ आणि मुकं. गुडघ्याशी आधीच थोडा बाक दिलेला, म्हणजे वाकून चेंडू ठेवताना ताण बसू नये. घोट्यापाशी चेन, बूट न काढता वरून चढवता यावी म्हणून. मग मी कुमुदला पेल्यात कढत पाणी आणायला सांगितलं, पेल्याच्या तोंडावर पँटीचं कापड धरलं आणि वर थंड ताटली उपडी ठेवली. थोड्या वेळानं ताटलीवर वाफ धरली. म्हणजे आतला घाम बाहेर जाईल. आमच्या इथल्या उकाड्यात हे नसेल तर माणूस पावसानं नाही, पण घामानं भिजतो.

"लांबी जरा जास्तच राहू दे," मी म्हटलं. "आतल्या पँटीवरून घालायची असते, चालताना वर चढते."

मंजू माझ्याकडे बघत होती. लहानपणी रेनकोटाच्या वेळी बघायची तसंच. मला इतकं बरं वाटलं की ती पँट कुणाची हे मी विसरलो. मग ती म्हणाली, "बाबा खूश होतील," आणि मला आठवलं.

वाणाच्या दिवशी आम्ही दोघं ताट घेऊन त्यांच्याकडे गेलो. जावयाला पाटावर बसवलं, अनारसे दिले, निरांजन दिलं. सगळं यथासांग. त्यानंतर मंजूनं आतून पुडकं आणलं आणि मेजरसाहेबांच्या हातात ठेवलं. ते गृहस्थ तिथंच पायजम्यावरून पँट चढवून दिवाणखान्यात चालायला लागले. उकिडवे बसले, उठले, छत्री घेऊन काल्पनिक फटका मारला. "कमाल की चीज़ है बेटा!" मंजू म्हणाली, "अण्णांनी निवडली." झालं. मेजरसाहेबांनी मला कडकडून मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यावरून मंजूकडे पाहत होतो. ती त्यांच्याकडे पाहत होती.

मला त्या दिवाळीत तिनं शर्टपीस दिलं. चांगलं होतं. कुणालाही देता आलं असतं इतकं चांगलं.

तो आषाढ आणि पुढचा श्रावण मी कसा काढला ते माझं मला माहीत. लक्ष्मीतालाच्या पाण्यावर जलकुंभीची हिरवी पानं दाटली होती, काळे खडक धुऊन चकचकीत झाले होते, सगळं गाव उन्हाळ्यातून सुटल्यासारखं हसत होतं. मी भाजी आणायला स्कूटर काढायचो आणि वळायचो मैदानाच्या कुंपणाकडे. पाऊस चालू असायचा. लांबवर ती करडी पँट रुबाबात चालत असायची. थांबायची, वाकायची, चेंडूकडे निरखून बघायची, जराही घाई नाही. आणि मी कुंपणाबाहेर गुडघ्यापासून खाली चिंब. वाटायचं, उसवावी एकदा शिवण, बसावा गारठा. पण उसवायची कशी? पास कुणी केली होती? स्वतःच्या हातानं पारखलेल्या मालाला शिव्याही धड देता येत नाहीत.

घरी आलं की कुमुद भाजीची पिशवी बघायची. "भेंडी आणायला छावणीत गेला होतात?"

"तिकडं ताजी मिळते."

"हो तर. कुंपणाला लागलेली असते!"

पण देवानं माझं ऐकलं, जरा उशिरा ऐकलं इतकंच. पुढच्या पावसाच्या सुरुवातीला मंजूचा फोन आला. आवाज रडवेला. बाबा भिजून आले, पँट फडक्यासारखी पाणी पितेय. मला आनंदाच्या अशा उकळ्या फुटल्या की कुमुदनं मला चिमटा काढला. "घेऊन ये," मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो.

आली ती पँट बघून मी कपाळाला हात लावला. तिला खळ घातली होती! तांदळाची दाट खळ, आणि वर इस्त्री करून अशी धार पाडलेली की भाजी चिरावी. फौजी घर ना ते. तिथं पँट म्हणजे खळ, आणि खळ म्हणजे इज्जत. वर्षानुवर्षं त्यांच्या घरून जो कपडा धोब्याकडे गेला तो कडक होऊन परत आला. हीही गेली, हीही कडक झाली. मेजरसाहेबांनी स्वतः धोब्याला सांगितलं होतं म्हणे, "ये ख़ास है, इसमें ज़रा अच्छी कलफ़ देना." त्यांनी लाडच केले होते हो तिचे. खळीनं कापडाची बारीक छिद्रं बुजली, वरचा पाणी झटकणारा थर झाकला गेला, आणि पँट पाणी धरून बसायला लागली.

मी मागच्या अंगणात टब घेऊन बसलो. कोमट पाण्यात पँट बुडवायची, हलकेच चोळायची, पाणी ओतायचं, पुन्हा नवं. पाणी दुधट यायचं थांबेपर्यंत. साधा सौम्य साबण, तोही नखभर. सोडा नाही, नीळ नाही, आणि ते कपडे मऊ करणारं सुगंधी औषध तर मुळीच नाही, त्यानं थर मरतो. पिळायचं नाही. सावलीत दोन्ही पाय लोंबते ठेवून वाळवायची. मग वरून सुती कापड घालून अगदी मंद इस्त्री. ऊब लागली की तो थर पुन्हा जागा होतो. मंजू ओट्यावर बसून भाजलेलं कणीस खात होती. शेवटी मी हातानं पाणी शिंपडलं. थेंब गोल झाले आणि टपटप घरंगळून खाली पडले. ती टाळ्या वाजवायला लागली. बँकेत नोकरी करणारी बाई.

"यापुढं ही धोब्याकडे जायची नाही," मी फर्मान काढलं. "माझ्याकडे आणायची."

तेव्हापासून दर पावसाळ्यात ती पँट माझ्याकडे यायला लागली, आणि पँटीबरोबर मंजू. सणावाराला माहेरी येणं वेगळं. तेव्हा सगळे असतात, जावई असतो, ताटं मांडायची असतात. पँटीच्या दुपारी आम्ही दोघंच. कुमुद आत लवंडलेली. मी टबाशी, तिच्याकडे पाठ करून, ती ओट्यावर. पाठ असली की लेक बोलते, हे मला तेव्हा कळलं. बँकेतली बढती हुकली ते तिनं मला तसं सांगितलं. मूल राहिलं आणि गेलं, ते कुमुदच्या आधी मला सांगितलं. मी पाणी बदलत राहिलो. नंतर ती म्हणाली, "अण्णा, पाणी कधीच स्वच्छ झालंय." मी म्हटलं, "असू दे, एकदा आणखी काढतो."

आणि मग ती घड्याळ बघायची. "निघते. बाबांची चहाची वेळ झाली." माझी इस्त्री अजून तापायची असायची. ज्या माणसामुळे लेक घरी आली त्याच माणसासाठी ती उठून जाणार, आणि आपण त्याच्या पँटीवरून मंद हात फिरवत बसायचं! अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पुढच्या वर्षी आभाळ भरलं की मी टब घासून ठेवायचो.

यंदा टब घासला आणि पँट आली नाही. मेजरसाहेबांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चिखलात उतरायला मनाई केली, गोल्फ संपलं. मी भेटायला गेलो होतो, चार शब्द चांगले बोललो. मनात मात्र एकच हिशेब चाललेला, की खेळ नाही म्हणजे पँट नाही, आणि पँट नाही म्हणजे दुपार नाही. मेला त्यांचा गुडघा दुखत होता आणि कळ मला येत होती.

मग तीन दिवसांपूर्वी, हे तांदूळ भिजत घातले त्या दिवशी, मंजू आली. हातात तीच कापडी पिशवी. "बाबांनी पाठवलीय. म्हणाले, अन्नाजींना द्या. तुम्ही रोज पावसात दूध आणायला जाता ना."

मी उसळलो. "म्हणजे आता त्यांच्या अंगावरचे उतरलेले कपडे मी घालू?"

"घाला मुकाट्यानं," कुमुद आतून म्हणाली. "इतकी वर्षं डोळे लावून बसलात, ते काय कमी होतं?"

घातली. कमरेला नाडी आवळून बसली. खाली मात्र हातभर कापड जमिनीवर लोळत होतं. मी दोन पावलं चाललो, पाय अडकला आणि कपाटाला धरून सावरलो. मंजूनं मला खुर्चीसमोर उभं केलं. स्वतः खाली बसली, दुमड घातली, टाचण्या लावल्या, शिवणाचा डबा ओढला आणि दोरा दातानं तोडला. मी बघत होतो. दोरा ओवून झाला तसा मी म्हणालो, "मंजू, अगं पट्टीनंतर…"

"…सुई नाही. माहितीये मला." तिनं मान वर केली नाही. "पाणी शिरलं तर शिरेल अण्णा. तुम्ही पडलात म्हणजे?"

आणि तिनं सुई घातली. कापडाला टच्च आवाज आला. मी त्या पँटीत उभा असताना, माझ्या घोट्याशी, एकेक टाका. तिच्या केसांत थोडे पांढरे दिसत होते. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

आज सकाळी पाऊस लागला होता. मी ती पँट चढवली आणि दूध आणायला निघालो. दूध गल्लीच्या तोंडावर मिळतं. मी छावणीच्या रस्त्यानं गेलो. का गेलो ते सांगायला नकोच. मेजरसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते, गुडघ्यावर शाल.

"आइए आइए, अन्नाजी! वा, छान बसली की तुम्हाला!" मग त्यांची नजर खाली गेली. "ये छोटी कैसे की?"

मी वाटच बघत होतो. पाय पायरीवर ठेवला, घोट्याची दुमड उलटी केली आणि आतले टाके दाखवले. "मंजूनं शिवली. हातानं. मी घातलेलीच होती, तशीच."

ते वाकून बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "सुई लगा दी उसने?"

"लावली."

"मला एक हूक पाहिजे होता हो त्या पँटीला. खिशापाशी, हातमोजा अडकवायला. हर साल कहता था. दर वर्षी म्हणायची, नाही बाबा, सुई नाही लावायची, अण्णांचा नियम आहे." ते हसले, पण आज काचा हलल्या नाहीत. "एक टाँका नहीं लगाने दिया मुझे."

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ते इतकी वर्षं आरशात पाहिलंय. आनंद झाला का? झाला. चांगला पोटभर झाला. मग मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो, आणि आतून मंजू दोघांचा चहा घेऊन आली.

घरी येईपर्यंत घोट्याशी पाणी शिरलं होतं. शिरणारच. मोजे काढून मी दांडीवर टाकले. कुमुद म्हणाली, "अहो, ती चिकटवायची पट्टी आहे ना आपल्याकडे, कपाटात? टाक्यांवरून लावून टाका की, पाच मिनिटांचं काम."

आहे. अख्खं रीळ आहे. इस्त्रीही आहे.

"नको," मी म्हटलं. "टाके झाकले जातील."